युरोपातल्या ऑप्टिकल कम्युनिकेशन प्रदर्शनात लाइव्ह डेमो : इंदूरहून नेताना काय काय बघायचं?

रामबाग_१३१० (इंदूर)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात युरोपात ईसीओसी ही ऑप्टिकल कम्युनिकेशनची परिषद भरते. तिला जोडून जे प्रदर्शन असतं त्यात आमचा पहिलाच स्टॉल आहे. तीन बाय तीन मीटरची तयार चौकट, माणसं दोन. माल आमचा स्वतःचा : आठ चॅनेलचा डीडब्ल्यूडीएम मक्स-डीमक्स (वेगवेगळ्या तरंगलांब्यांचा प्रकाश एका फायबरात एकत्र करणारा आणि परत वेगळा करणारा), थिन फिल्म फिल्टरचा, १०० गिगाहर्ट्झ अंतराचा.

डेमोचा आराखडा असा. एका टोकाला १० जी डीडब्ल्यूडीएम झेडआर एसएफपी (स्विचमध्ये बसणारं लांब पल्ल्याचं लेझर-रिसीव्हर मॉड्यूल), मग मक्स, मग २५-२५ किमी फायबरचे तीन स्पूल (रिळं), मग डीमक्स आणि दुसऱ्या टोकाला तसाच एसएफपी. फायबर साधा जी.६५२.डी. दोन चॅनेल चालू, सहा रिकामे. मक्सच्या पुढे १७ डीबीएमचा (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) ईडीएफए, म्हणजे प्रकाश वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, लावायचा विचार आहे, म्हणजे निर्धास्त. तसा ईडीएफए नसतानाही इथे लिंक चढते, स्विच रिसीव्हरला −२० डीबीएम दाखवतो आणि एरर शून्य.

विचारायचं ते हे : आराखडा तिथे टिकेल का? स्पूल, ओटीडीआर (फायबरातला दोष आणि लॉस दाखवणारं यंत्र), स्प्लाइसर (फायबर जोडणारं यंत्र) हे सगळं न्यायचं कसं? कस्टम्सचं काय? आणि सहकाऱ्याचा एक पेपर परिषदेत पोस्टर म्हणून लागलाय, त्याची वेगळी तयारी काही?

---

शून्य_डीबी (इंदूर, विजयनगर)

लिंक चढते म्हणजे टिकते असं नाही. आधी हिशेब मांडा, आणि मांडताना एसएफपीच्या डेटाशीटमधला सर्वात वाईट आकडा घ्या, स्विच दाखवतो तो नको. स्विचवर दिसणारी डीडीएमची (मॉड्यूलने स्वतःच मोजलेली) पॉवर ±३ डीबीपर्यंत चुकलेली असली तरी ती नियमात बसते. तुमचे −२० हे प्रत्यक्षात −२२ सुद्धा असू शकतात. एकदा पॉवर मीटरने मोजा.

७५ किमी × ०.२ = १५ डीबी. मक्स आणि डीमक्स मिळून ४.६ धरतो (थिन फिल्मच्या आठ चॅनेलला, सर्वात लांबच्या पोर्टवर, एवढा लागतोच). कनेक्टरच्या जोडण्या सहा, प्रत्येकी ०.३ म्हणजे १.८. एकूण २१.४ डीबी. झेडआरची किमान ट्रान्समिट पॉवर ० डीबीएम, म्हणजे रिसीव्हरवर −२१.४. रिसीव्हरची संवेदनशीलता −२४ लिहिलेली असते, पण ती समोरासमोर जोडल्यावरची. ७५ किमीला १५५० नॅनोमीटरपाशी डिस्पर्शन (पल्स पसरत जाणं) साधारण १७ × ७५ = १२७५ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर होतं आणि त्याचा दंड दोन-तीन डीबी धरावा लागतो. मग खरी मर्यादा −२१ ते −२२. हातात उरलं काय? शून्य. प्रयोगशाळेत कनेक्टर नुकता पुसलेला असतो म्हणून चालतं. प्रदर्शनात तोच कनेक्टर दिवसातून दहा वेळा काढला-घातला की अर्धा-अर्धा डीबी जात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिंक पडते.

एक स्पूल काढून टाका. ५० किमीला १० + ४.६ + पाच जोडण्यांचे १.५ = १६.१. दंड दीड डीबी धरला तरी सहा डीबी शिल्लक राहते. पाहुण्याला ७५ आणि ५० मधला फरक फक्त पाटीवर दिसतो. आणि तुम्ही विकताय मक्स, फायबर नाही.

ईडीएफएचं म्हणाल तर तो घरी ठेवा. कारणं तीन.

१७ डीबीएम म्हणजे ५० मिलिवॅट. १५५० नॅनोमीटरला लेझर सुरक्षेच्या वर्ग १ ची (डोळ्याला निर्धोक) मर्यादा साधारण १० मिलिवॅट आहे. तिच्या पाचपट उजेड, तोही डोळ्याला न दिसणारा, अशा टेबलावर जिथे येणारा-जाणारा कनेक्टर उपसून डोळ्यासमोर धरतो. आयोजक लेझर सुरक्षेचा फॉर्म मागतील, शटर किंवा आपोआप पॉवर उतरवणारी सोय मागतील. मागितली नाही तरी ती असायला हवी.

दुसरं, ईडीएफए एकूण पॉवर धरून ठेवणारा असेल तर आठ चॅनेलमध्ये वाटून प्रत्येकाला ८ डीबीएम मिळाले असते, पण तुमचे चालू दोनच, म्हणजे प्रत्येकी १४. इतकी पॉवर लांब फायबरात एकाच चॅनेलवर घातली की ब्रिलवाँ स्कॅटरिंग सुरू होतं. प्रकाश उलटा फिरतो आणि पुढे जास्त ढकलावं तसं पोचतं कमीच.

तिसरं : कुणी चुकून स्पूल वगळून पॅचकॉर्ड लावली तर ते १४ डीबीएम डीमक्समधून थेट एपीडीवर (रिसीव्हरमधल्या नाजूक डिटेक्टरवर) जातात. झेडआर रिसीव्हरची वरची हद्द −७ डीबीएम आहे. एपीडी मेला की एसएफपी मेला.

ईडीएफए नसला तरी हा धोका पूर्ण जात नाही. ट्रान्समिट कमाल +४, मक्स-डीमक्सचा लॉस नशिबाने ३, म्हणजे +१. म्हणून रिसीव्हरच्या पोर्टवर १० डीबीचा फिक्स अ‍ॅटेन्युएटर लटकवून ठेवा आणि स्पूल वगळून काही दाखवायचं असेल तेव्हा तो आधी घाला. ५० किमी लावलेले असताना मात्र काढायला विसरू नका, नाहीतर इथेच परत विचारायला याल.

---

मांडवी_पिगटेल (वडोदरा)

वरच्या हिशेबाशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. तीन स्पूल एकाच दिशेला आहेत. परतीची दिशा कुठे आहे? १० जीची लिंक दोन फायबरवर चालते. परतीला आखूड पॅचकॉर्ड असेल तर तिथे १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर हवाच : कमाल +४ मधून −११ उरतात, किमान ० मधून −१५, दोन्ही सुरक्षित. आणि एक दिशा मेली की दोन्ही टोकांना लिंक पडलेली दिसते, कारण समोरचा स्विच रिमोट फॉल्ट पाठवतो. मग माणूस ५० किमीच्या फायबरात दोष शोधत बसतो आणि दोष निघतो दोन फुटांच्या परतीच्या वायरीत. लिंक पडली की पहिल्यांदा दोन्ही टोकांची रिसीव्ह पॉवर वाचा. जिकडे −४० दिसेल तिकडची दिशा मेलेली.

स्विचचंही बघून घ्या. एसएफपी प्लसच्या पोर्टला बहुतेक स्विच दीड वॅटपर्यंत देतात. डीडब्ल्यूडीएम झेडआरमध्ये लेझर थंड ठेवणारा टीईसी असतो, तो दोन वॅटच्या आसपास जातो. काही स्विच असा मॉड्यूल चालूच करत नाहीत, काही शेजारचा पोर्ट बंद करतात. शिवाय स्विच-कंपनीचं कोडिंग. जे मॉड्यूल नेणार तेच, त्याच स्विचच्या त्याच पोर्टवर, तिथे राहील त्याच सॉफ्टवेअर आवृत्तीवर इथे आठ तास चालवा. निघायच्या आदल्या दिवशी फर्मवेअर अपडेट करायचा मोह आवरा.

आता कनेक्टर. खरं भांडण तिथेच आहे.

सिंगल मोडचा कोअर ९ मायक्रॉनचा. एक मायक्रॉनचा कण मधोमध बसला तरी एक टक्का प्रकाश अडवतो, आणि ९ मायक्रॉनचा बसला तर बघायलाच नको. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी सकाळपर्यंत सुतारकाम चाललेलं असतं, गालिचे अंथरले जात असतात, प्लायचा भुसा हवेत असतो. बांधणी संपून झाडू मारून होईपर्यंत एकही टोपी काढू नका. टोप्यांवरही विश्वास नको. टोपीच्या आतल्या प्लॅस्टिकचा चुरा फेरूलवर (कनेक्टरच्या टोकाच्या नळीवर) लागतो, म्हणून नवीन पाकिटातली पॅचकॉर्डसुद्धा आधी तपासायची.

क्रम एकच : बघा, पुसा, परत बघा. बघायला फायबर मायक्रोस्कोप, ४०० पट चालेल. काय चालतं आणि काय नाही ते आयईसी ६१३००-३-३५ मध्ये झोनप्रमाणे लिहिलंय. कोअरच्या जागेत ओरखडासुद्धा चालत नाही. पुसायला एका क्लिकचा क्लीनर, एलसी कनेक्टरसाठी १.२५ मिमीचा आणि एससी कनेक्टरसाठी २.५ मिमीचा. प्रत्येकी दोन न्या. आधी कोरडं पुसा. डाग राहिला तर ओलं करून लगेच कोरडं. अल्कोहोल तसंच वाळू दिलं तर त्याचं कडं राहतं आणि ते धुळीपेक्षा चिवट. अ‍ॅडॉप्टरच्या आतला फेरूल विसरू नका. बाहेरचा चकचकीत आणि आतला मळका असला तर जोडल्याबरोबर दोन्ही मळके.

पाहुण्यांसाठी इंदुरी शेव ठेवणार असाल (ठेवाच, इंदूरचा स्टॉल आणि शेव नाही हे बरं दिसत नाही) तर ती पुढच्या काउंटरवर. डेमोच्या टेबलावर नको. तेलाचं बोट फेरूलला लागलं की कोरडा क्लीनर ते तेल नुसतं पसरवतो.

हिरवा (एपीसी) आणि निळा (यूपीसी) कनेक्टर एकत्र करू नका. एपीसीचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं, यूपीसीचं सरळ. एकमेकांना जोडले तर मध्ये हवेची फट राहते, लॉस काही डीबींनी वाढतो, परावर्तन वाढतं आणि दोन्हींची टोकं खरचटायची शक्यता वेगळी. एसएफपीला एलसी-यूपीसी लागतो, तुमच्या मक्सला काय आहे? एलसी-एपीसी असेल तर बदलीच्या पॅचकॉर्ड चार जास्त ठेवा, कारण तो प्रकार तिथे कुणाकडे उसना मिळेलच असं नाही.

---

रामबाग_१३१०

दोघांचेही आभार. मक्सला एलसी-यूपीसीच आहे. परतीला आजपर्यंत साधी पॅचकॉर्ड होती, अ‍ॅटेन्युएटर नव्हता. आज लावला.

दोन शंका. ओटीडीआर न्यायचा की नाही? आणि स्पूल कार्गोत टाकायचे की बरोबर? एका स्पूलचं वजन फार नाही, पण आकार मोठा आहे.

---

शून्य_डीबी

ओटीडीआर न्या. पण निघायच्या आधी इथेच प्रत्येक स्पूलचा १३१०, १५५० आणि १६२५ वर ट्रेस काढून ठेवा आणि तिथे पोचल्यावर तेच परत काढा. तिन्ही तरंगलांब्यांवर लॉस सारखाच वाढला असेल तर कनेक्टर किंवा स्प्लाइस. १३१० ठीक, १५५० जरा वाईट, १६२५ फारच वाईट, असं दिसलं तर फायबर कुठेतरी दाबलाय किंवा वाकलाय. स्पूलवरचे बाहेरचे थर प्रवासात सैल होऊन कडेला घसरले की हेच होतं. बाहेरचा शंभरेक मीटर उलगडून परत गुंडाळला तर बऱ्याचदा सुटतं.

२५ किमीला १०० ते ३०० नॅनोसेकंदाची पल्स पुरते, इंडेक्स (अपवर्तनांक) १.४६८. पहिला कनेक्टर मोजायचा तर पुढे पाचशे मीटर ते एक किमीचा लाँच फायबर लावा, नाहीतर तो डेड झोनमध्येच जातो. आणि चालू लिंकवर ओटीडीआर कधीही लावू नका. त्याची पल्स समोरच्या एपीडीला परवडत नाही.

वजन : २५० मायक्रॉनच्या कोटिंगचा उघडा फायबर किलोमीटरला ६५-७० ग्रॅम, म्हणजे २५ किमीचे पावणेदोन किलो आणि वर स्पूलचं प्लॅस्टिक. हाताने न्यायला काही हरकत नाही, पण केबिनच्या मापात बसत नाही. धक्का न पोचणारी कडक पेटी, आत फोम, स्पूलचा भार कडांवर नव्हे तर मधल्या दांड्यावर येईल असा बसवा. दोन्ही पिगटेल (कनेक्टर लावलेली मोकळी टोकं) टेपने चिकटवू नका, स्पूलच्या बाजूच्या खोबणीत साधारण ३० मिमी त्रिज्येची कडी करून ठेवा. टेप काढताना पिगटेल तुटते.

---

पीथमपूर_निर्यात (इंदूर)

मालाचं मी सांगतो. तुमचा स्टॉल झाला की सगळं परत येणार, म्हणून एटीए कार्ने (माल तात्पुरता नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद) काढा. भारतात तो फिक्की ही उद्योगसंघटना देते, मुदत एक वर्ष. त्यावर तिथे ड्यूटी भरावी लागत नाही, पण इथे सिक्युरिटी किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते, ती रक्कम आधीच बाजूला काढा.

कार्नेची यादी हाच त्याचा जीव. प्रत्येक वस्तूपुढे नाव, सिरियल नंबर, वजन, किंमत. 'एसएफपी, ६ नग' असं लिहून भागत नाही, सहाही सिरियल लिहा. पानं रंगावरून ओळखायची : पिवळं आपल्या देशातून निघताना आणि परत येताना, पांढरं तिकडच्या देशात शिरताना आणि तिथून निघताना, निळं ट्रान्झिटसाठी. इंदूरहून मुंबईला जाणार असाल तर मुंबई विमानतळावरच्या कस्टम्सचा शिक्का घेतल्याशिवाय पेटी चेक-इनला देऊ नका. पेटी पट्ट्यावर गेल्यावर दाखवायला काही उरत नाही. युरोपात शिरण्याचा शिक्का कुठल्या विमानतळावर घ्यायचा ते निघण्याआधी विचारून ठेवा. फ्रँकफर्टला विमान बदलून कोपनहेगनला जायचं असेल आणि शिक्का फ्रँकफर्टला घ्यायचा ठरला तर त्यासाठी दोन विमानांत किमान चार तास ठेवा. निघतानाचा शिक्का राहिला तर वर्षाने ड्यूटीची मागणी येते, माल तुमच्या टेबलावर असला तरी.

जे परत येणार नाही ते कार्नेत घालायचं नाही : माहितीपत्रकं, फुकट वाटायच्या पॅचकॉर्ड, क्लीनरची रिफिल, शेव. स्टॉलवर कुणी म्हणालं की हाच मक्स विकत घेतो, तर तोंडावर नाही म्हणा आणि परत आल्यावर नवीन पाठवा. कार्नेवरचा माल विकणं म्हणजे स्वतःहून वाद ओढवून घेणं.

स्कोमेटची यादीही (निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या मालाची) एकदा बघा. आठव्या वर्गात दूरसंचार आणि लेझर दोन्ही आहेत. साधा थिन फिल्म मक्स त्यात अडकण्याचं कारण दिसत नाही, पण ओटीडीआर, लेझर स्रोत, एनक्रिप्शन असलेला स्विच यांची डेटाशीट यादीशी ताडून पाहून एक टिपण फाइलला लावून ठेवा.

बॅटऱ्या : स्प्लाइसर आणि ओटीडीआरच्या लिथियम बॅटऱ्या १०० वॅट-तासांपर्यंत सरळ चालतात, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी, त्याच्या वर नाही. सुट्या बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून. क्लीव्हरची (फायबर कापायच्या अवजाराची) पाती धारदार, म्हणून क्लीव्हर चेक-इनमध्ये. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली कुठेच नाही, ना चेक-इनमध्ये ना केबिनमध्ये. ते तिथे विकत घ्या किंवा आयोजकांच्या पुरवठादाराकडून मागवा.

व्हिसा : शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. बोटांचे ठसे मागच्या ५९ महिन्यांत दिले असतील तर परत लागत नाहीत. नसतील तर मुंबई किंवा अहमदाबाद गाठायचं धरून चाला. आयोजकांचं आमंत्रणपत्र आणि स्टॉलचं करारपत्र दोन्ही जोडा, नुसतं पेपर स्वीकारल्याचं ईमेल पुरत नाही. परिषद कुठे आहे तेही बघा : २०२४ ला फ्रँकफर्ट आणि २०२५ ला कोपनहेगन होतं तेव्हा शेंगेन लागला, २०२३ ला ग्लासगो होतं तेव्हा ब्रिटनचा वेगळा.

---

मांडवी_पिगटेल

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. युरोपात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, म्हणजे आपलंच. फरक प्लगचा. जर्मनी-स्पेनला शुको (दोन गोल पिनांचा प्लग) चालतो. डेन्मार्कच्या सॉकेटमध्ये शुको बसतो, उपकरण चालूही होतं, पण अर्थ जोडला जात नाही, कारण त्यांची अर्थची पिन वेगळी आहे. अर्थ नसलेल्या धातूच्या स्विचला हात लावून कुणी एसएफपी ओढला की स्थिर विजेने लेझर जातो. डेन्मार्कसाठी त्यांचाच अ‍ॅडॉप्टर घ्या. ब्रिटनचा तर प्लग पूर्ण वेगळा. टेबलावर ईएसडी मॅट (स्थिर वीज उतरवणारी) आणि मनगटाचा पट्टा ठेवा, गालिच्यावर चालून आलेला माणूस किती व्होल्ट घेऊन येतो ते विचारू नका.

चौकटीच्या भाड्यात सॉकेट असेलच असं नाही, वॅट सांगून वेगळं मागवावं लागतं. आणि ते रात्री बंद होतं, चोवीस तासांचं हवं असेल तर वेगळा दर. तुमचा भार दोन स्विच आणि एक लॅपटॉप, पाचशे वॅट पुरे. सकाळी सुरू करताना लिंकला पंधरा मिनिटं आधी जागं करा, म्हणजे डीडब्ल्यूडीएम लेझर आपल्या तरंगलांबीवर येऊन स्थिरावलेला असतो. शंभर गिगाहर्ट्झच्या फिल्टरचा सपाट भाग मध्यापासून ±०.१ नॅनोमीटरच्या आसपासच असतो. थंड लेझर कडेला बसला तर लॉस वाढलेला दिसतो आणि दोष मात्र मक्सवर येतो. तुमच्याच मालावर.

हॉलच्या वायफायवर डेमो चालवू नका. सगळं आपल्या दोन स्विचमध्येच.

---

शून्य_डीबी

दाखवायचं काय यावरही एक शब्द. हिरवा दिवा बघायला कुणी थांबत नाही. मधे एक बदलता अ‍ॅटेन्युएटर ठेवा, पाहुण्याला फिरवू द्या, आणि पडद्यावर रिसीव्ह पॉवर आणि एरर दर शेजारी-शेजारी दिसू द्या. −२२ च्या पुढे एररचे आकडे उसळताना त्याने स्वतःच्या हाताने पाहिले की मग तुमच्याकडे सहा डीबी शिल्लक आहे याचा अर्थ त्याला समजतो. मात्र मक्स पुढे मांडा, स्पूल खाली. गर्दी स्पूलपाशीच होते आणि विकायचं ते मागे राहतं.

दुसरं स्वस्तातलं : जी.६५२ आणि जी.६५७.ए२ चे दोन वेगळे तुकडे, व्हीएफएलसकट (फायबरात लाल उजेड सोडणाऱ्या पेनसकट). पेन्सिलीभोवती गुंडाळला की साधा फायबर वाकणाजवळ लाल पेटतो, ए२ जवळजवळ काळा राहतो. ६५२ ची किमान त्रिज्या ३० मिमी, ए२ ची ७.५. हा खेळ मुख्य लिंकच्या फायबरवर करू नका. व्हीएफएल १ मिलिवॅटचा घ्या, बाजारात १० आणि ३० चे पेन मिळतात, ते प्रदर्शनात नकोत.

---

सिमरोल_फोटॉन (इंदूर)

पेपरवाल्या सहकाऱ्यासाठी.

प्रदर्शनाचा पास आणि परिषदेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॉलच्या बिल्ल्यावर तांत्रिक सत्रांत बसता येत नाही. ज्या पेपरचा कुणी लेखक नोंदणी करून हजर राहत नाही तो कार्यवृत्तातून गळू शकतो. पोस्टरचा बोर्ड उभा की आडवा ते आधी विचारा, ए-झीरो आडवा छापून उभ्या बोर्डावर लावणं हा नेहमीचा गोंधळ. कापडावर छापलेलं पोस्टर घडी करून बॅगेत बसतं.

ईसीओसीत प्रदर्शन सोमवार ते बुधवार आणि परिषद गुरुवारपर्यंत. म्हणजे बुधवारी संध्याकाळी स्टॉल उतरवून त्याच रात्रीचं विमान पकडू नका. पोस्ट-डेडलाइन पेपर (मुदत संपल्यावर घेतलेले अगदी ताजे निकाल) गुरुवारी असतात आणि वर्षभरातली सर्वात ताजी मोजमापं तिथे येतात. २०२३ ला ग्लासगोत २२.९ पेटाबिट प्रति सेकंदाचा विक्रम एका ३८ कोअरच्या फायबरवर दाखवला गेला. २०२४ ला अमेरिकेतल्या ओएफसी या अशाच परिषदेत साध्या सिंगल मोड फायबरवर ४०२ टेराबिट, ५० किमी, ओ पासून यू पर्यंत सगळे बँड (तरंगलांब्यांचे पट्टे) वापरून. हा दुसरा आकडा तुमच्या धंद्याशी जोडलेला आहे : सी बँडच्या बाहेरचे बँड वापरात यायला लागले की त्या बँडचे फिल्टर लागणार. आज सी बँडचे मक्स विकणाऱ्याने ती सत्रं चुकवू नयेत.

(ओएफसी आणि ईसीओसी दोन्हींची सुरुवात १९७५ ची. ओएफसीचा पूर्वज व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला, ईसीओसी लंडनला. ओएफसी साधारण मार्चच्या सुमारास भरते आणि तिची पेपरची मुदत आदल्या ऑक्टोबरच्या आसपास असते, तीन पानं आणि ३५ शब्दांचा सारांश. ईसीओसीची मुदत एप्रिलच्या शेवटी.)

आता सर्वात महत्त्वाचं, आणि ते स्टॉलवाल्यांसाठीही आहे. मक्सच्या रचनेत काही नवं असेल आणि पेटंट घ्यायचं असेल तर पोस्टर लागण्याच्या आणि स्टॉल उघडण्याच्या आधी प्रोव्हिजनल अर्ज दाखल झालेला हवा. प्रदर्शनात मांडलं की ते जाहीर झालं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. तिच्यावर विसंबू नका. बाहेरच्या देशात अर्ज आधी करायचा असेल तर कलम ३९ ची परवानगी लागते. इथे दाखल करून सहा आठवडे थांबणं त्यापेक्षा सोपं. पेपरचा मजकूर परिषदेच्या आधी ऑनलाइन उघडला जातो का तेही बघा, कारण मग तारीख स्टॉलची नव्हे, ती धरावी लागते.

सप्टेंबरच्या आधी एखादी कमी खर्चाची रंगीत तालीम हवी असेल तर इथेच इंडियन लेझर असोसिएशन आहे, आरआरकॅट या इथल्या सरकारी लेझर संशोधन केंद्रात. त्यांच्या नॅशनल लेझर सिम्पोजियममध्ये कंपन्यांचे स्टॉल लागतात. तिथे दोन दिवस डेमो चालवला की कुठली पॅचकॉर्ड लहान पडते ते कळतं.

---

रामबाग_१३१०

पेटंटची गोष्ट डोक्यातच नव्हती. पेपर स्वीकारला गेलाय आणि त्यात पॅकेजिंगची रचना आहे. उद्याच बघतो.

बदललेला आराखडा : ५० किमी, ईडीएफए नाही, परतीला १५ डीबी, मधे बदलता अ‍ॅटेन्युएटर, तिसरा स्पूल बदली म्हणून पेटीतच. आज पॉवर मीटरने मोजलं : मधला अ‍ॅटेन्युएटर शून्यावर असताना रिसीव्हरला −१५.८. स्विच −१४ दाखवतोय.

एकच राहिलं : युरोपातला खरेदीदार स्टॉलवर नेमके कोणते कागद मागतो?

---

मांडवी_पिगटेल

बदलत्या अ‍ॅटेन्युएटरचा स्वतःचा लॉस मोजलात ना? शून्यावरही तो एक ते दीड डीबी खातो. −१५.८ मध्ये तो धरलेला असेल तर हिशेब जुळतोय.

कागद : प्रत्येक नगाचा सिरियलनुसार एक पानी रिपोर्ट, त्यात आठही चॅनेलचा इन्सर्शन लॉस, शेजारच्या चॅनेलचं आयसोलेशन, रिटर्न लॉस, पीडीएल (ध्रुवीकरणानुसार लॉसमध्ये पडणारा फरक) आणि मध्यबिंदूची तरंगलांबी जी.६९४.१ च्या ग्रिडप्रमाणे (१९३.१ टेराहर्ट्झ म्हणजे १५५२.५२ नॅनोमीटर, तिथून मोजायचं). पॅसिव्ह मालाला जीआर-१२०९ आणि जीआर-१२२१ या टेलकॉर्डियाच्या मानकांच्या चाचण्या विचारतात, कनेक्टरला जीआर-३२६. पूर्ण झाल्या नसतील तर 'चालू' लिहा आणि ८५ अंश-८५ टक्के आर्द्रतेचा आजपर्यंतचा ग्राफ द्या. 'कम्प्लायंट' असा नुसता शब्द छापलात तर पहिला प्रश्न त्यावरच येईल. रोह्स आणि रीच (घातक पदार्थांबद्दलचे युरोपचे नियम) ची घोषणापत्रं. कमीत कमी ऑर्डर किती नग, किती आठवड्यांत, आणि इंदूरहून की मुंबईहून.

माहितीपत्रकावरच्या लॉसच्या आकड्यात कनेक्टर धरलेत की नाही ते स्पष्ट छापा. तुमचे आकडे कनेक्टरशिवायचे असतील आणि समोरचा ते कनेक्टरसकट धरेल.

---

रामबाग_१३१०

कनेक्टरशिवायच आहेत. माहितीपत्रक छापायला गेलंय. छापखान्याला फोन करतो.